यंत्रांच्या नोंदी व त्यांचा अर्थ

मालवण, देवगड, वेंगुर्ले या बंदरांच्या आसपास राहाणाऱ्या वाचकांस बंदरावरील बावटा म्हणजे काय, हें सांगावयास नको. तीन नंबरचा बावटा लागल्याचें ऐकतांच रापणकर होडी वर ओढून घेतो, आणि दिवस वैशाखाचे असले तर बागायतदार तयार आंबा उतरविण्याची घाई करितो. बावटा म्हणण्याची आपली रीत असली तरी दिवसां खांबावर चढवितात ते शंकू व नळकांडें, आणि रात्रीं तांबडे व पांढरे दिवे. त्यांच्या मांडणीवरून एक ते अकरा यांपैकीं एक क्रमांक ओळखला जातो, व प्रत्येक क्रमांकास ठरलेला अर्थ आहे. पहिले दोन क्रमांक दूर समुद्रांतील बिघाडाचे. तिसरा व चौथा प्रत्यक्ष आपल्या बंदरास असलेल्या धोक्याचे. पांचापासून दहापर्यंतचे चढत्या संकटाचे.

बंदरांस वादळाची सूचना देण्याची पद्धत आपल्या देशांत प्रथम १८६५ सालीं कलकत्त्यास सुरू झाली व पुढें ती इतर बंदरांस लागू झाली. परंतु सर्व बंदरांस एकसारख्या खुणा मिळाल्या त्या १८९८ च्या १ एप्रिलपासून. तोंपर्यंत एका बंदराची खूण दुसऱ्या बंदराच्या तांडेलास वाचतां येईलच अशी खात्री नव्हती. वेधशाळेकडून बंदर अधिकाऱ्याकडे ही सूचना पूर्वी तारेनें येई. तारसेवा २०१३ सालीं बंद झाली व सूचना आतां संगणकाच्या मार्गानें येते; परंतु तिसऱ्या क्रमांकाचा अर्थ जो होता तोच आहे.

अकराव्या क्रमांकाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंती आहे. त्याचा अर्थ असा कीं, वेधशाळेशीं संपर्क तुटला असून हवा बिघडण्याचें भय आहे असें स्थानिक अधिकाऱ्यास वाटतें. म्हणजे बातमी येत नाहीं, हीही एक बातमी मानून तिला स्वतंत्र खूण दिली आहे. ज्यांनीं ही योजना केली त्यांच्या दूरदृष्टीची तारीफ करावी तितकी थोडी. कारण आजच्या पुष्कळ महागड्या यंत्रांस ही गोष्ट साधलेली नाहीं, हें पुढें दिसून येईल.

आतां आपल्या शेतीकडे वळूं. महाराष्ट्रांत २०१७ पासून महावेध प्रकल्पाखालीं दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें बसविण्यांत आलीं. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग व दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनीं घेऊन ती दूरच्या संगणकाकडे पाठवावी, अशी त्यांची रचना आहे. याशिवाय भारतीय हवामान खात्याचीं केंद्रें निराळीं, कृषि विद्यापीठाचीं निराळीं, पाटबंधारे खात्याचे पर्जन्यमापक निराळे. आणि अलीकडे कित्येक बागायतदार आपल्या कलमांच्या बागेंत स्वखर्चानें लहान यंत्रें बसवून मोबाईलवर आंकडे पाहूं लागले आहेत. यंत्रें वाढलीं ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हीं यंत्रें एकमेकांशीं व आपणांशीं खरोखर बोलतात काय, हा प्रश्न निराळा आहे, व त्याचें उत्तर शोधण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

एका यंत्राचा आंकडा दुसऱ्या यंत्रापर्यंत पोंचणें हें एक काम, आणि त्या आंकड्याचा अर्थ दुसऱ्यास पहिल्याप्रमाणेंच कळणें हें दुसरें काम. पहिलें काम तार, टेलिफोन, मोबाईल अशा साधनांनीं होतें व पैसे खर्च केले कीं तें साधतें. दुसरें काम केवळ पैशानें होत नाहीं. त्यास आगाऊ ठराव लागतो. ज्यांनीं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं मराठी मजकूर एका संगणकावर लिहून दुसऱ्यावर पाठविला असेल, त्यांस हा भेद अनुभवानें ठाऊक आहे. कागद पोंचे, एकही अक्षर वाटेंत गळत नसे, आणि उघडून पाहावें तों सर्व मजकूर अगम्य चिन्हांचा! अक्षरास कोणता क्रमांक द्यावा याविषयीं दोन्ही संगणकांचा ठराव एक नव्हता, एवढेंच त्याचें कारण.

पावसाच्या मोजमापाचें उदाहरण घेऊं. पाऊस मापण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठाराजवळ ठराविक तोंडाचें पात्र ठेवून पाऊस मोजावा, असें सांगितलें आहे. आजच्या साध्या पर्जन्यमापकांत वर एक गाळणें असतें व आंत पाणी सांठतें. तें कांचेच्या मापांत ओतून मिलीमीटर वाचावयाचे. हीं गाळणीं आपल्याकडे दोन प्रकारचीं वापरतात. एकाचें तोंड २०० चौरस सेंटीमीटर, दुसऱ्याचें १००. पहिल्यांत एक मिलीमीटर पाऊस म्हणजे २० मिलीलिटर पाणी, दुसऱ्यांत १०. प्रत्येकाचें कांचेचें माप अर्थातच वेगळें. आतां मोठ्या तोंडाच्या पर्जन्यमापकाचें माप फुटलें व घाईंत लहान तोंडाचें माप आणून ठेवलें, तर ६ मिलीमीटर पावसाची नोंद १२ अशी होईल. उलट झाल्यास ३. नोंदवहींतील अक्षर सुंदर, नोंद रोजच्या रोज, आणि आंकडा मात्र दुप्पट किंवा निमपट! वही पाहून हा दोष कोणासही कळणार नाहीं. कारण कोणत्या तोंडाचें पात्र, हें वहींत लिहिण्याची चाल नाहीं.

स्वयंचलित यंत्रांत कांचेचें माप नसतें. तेथें एक लहानशी दुपाळी पळी असते. ठराविक पाणी भरलें कीं ती एका बाजूस कलते, पाणी सांडतें व दुसरी बाजू भरूं लागते. यंत्र मोजतें तें पाणी नव्हे, तर पळी किती वेळां कलली तें. कांहीं यंत्रांत एक कल म्हणजे ०.२ मिलीमीटर, कांहींत ०.५. समजा, पळी तीस वेळां कलली. पहिल्या हिशेबानें पाऊस ६ मिलीमीटर, दुसऱ्या हिशेबानें १५. यंत्रानें 'तीस' हा आंकडा बिनचूक पाठविला व दूरच्या संगणकानें तो बिनचूक घेतला. तरीही संगणकाच्या मांडणींत दुसऱ्याच यंत्राचा गुणक भरला गेला असेल, तर खोटा पाऊस तयार होतो.

परंतु याहूनही अधिक घोटाळा करणारी गोष्ट म्हणजे 'दिवस'. पावसाचा दिवस मध्यरात्रीं सुरू होतो असें आपण गृहीत धरितों. हवामान खात्याचा दिवस सकाळीं साडेआठ वाजतां पुरा होतो. १२ तारखेस साडेआठ वाजतां जो पाऊस मोजला, तो ११ तारखेच्या साडेआठपासून पडलेला असून त्याची नोंद १२ तारखेची म्हणून होते. कित्येक यंत्रांचें घड्याळ तर ग्रिनिचच्या वेळेवर चालतें, व आपले साडेआठ म्हणजे तेथले तीन. ज्या मुंबई शहरानें देशाची वेळ १९०६ सालीं ठरल्यावरही आपलें एकोणचाळीस मिनिटें मागें असलेलें घड्याळ १९५५ पर्यंत पुरतें सोडलें नाहीं, त्या शहराजवळच्या आम्हां लोकांस एकाच क्षणाच्या दोन वेळा असूं शकतात याचें नवल वाटूं नये.

हा केवळ पंडितांचा वाद नाहीं. यांत आपले पैसे गुंतले आहेत. आंबा व काजू यांचा फळपीक विमा २०१६ पासून पुनर्रचित हवामानावर आधारित योजनेनें चालत आला आहे. या विम्यांत झाडावर किती नुकसान झालें हें मुख्यतः पाहात नाहींत. मंडळाच्या हवामान केंद्राच्या नोंदीनें ठरलेलें प्रमाणक ओलांडलें कीं नाहीं, हें पाहातात. आंब्यास अवेळीं पाऊस, फार उतरलेलें किंवा फार चढलेलें तापमान, व वेगाचा वारा हे त्यांतील धोके. मोहोर फुललेला असतांना एक सर आली तरी करपा वाढून मोहोर काळा पडतो, हें बागायतदार डोळ्यांनीं पाहातो. विमा मात्र आंकड्यास पाहातो. म्हणून त्या आंकड्याचा अर्थ जाणणें हें आपलें काम आहे.

उदाहरणादाखल असें धरूं कीं, एका दिवसांत १० मिलीमीटर पाऊस झाल्यास भरपाई मिळावयाची आहे. (ही संख्या आम्हीं समजुतीसाठीं घेतली आहे, खरीं प्रमाणकें त्या त्या हंगामाच्या तक्त्यांत पाहावीं.) १२ फेब्रुवारीस पहांटे पांच वाजतां पाऊस सुरू झाला, साडेआठपर्यंत ७ मिलीमीटर पडला व पुढें अकरापर्यंत आणखी ६. बागायतदार म्हणेल, एका सकाळींच १३ मिलीमीटर पाऊस झाला. मध्यरात्रीपासून मोजणाऱ्या यंत्राचेंही म्हणणें तेंच. परंतु साडेआठच्या रीतीनें १२ तारखेस ७ व १३ तारखेस ६, म्हणजे प्रमाणक कोणत्याच दिवशीं ओलांडलें गेलें नाहीं. आतां उलट प्रकार पाहा. पाऊस रात्रीं नऊ वाजतां सुरू होऊन तीन वाजतां थांबला. मध्यरात्रीपूर्वीं ६ व नंतर ७. साडेआठच्या रीतीनें हा सर्व पाऊस एकाच दिवसाचा व प्रमाणक ओलांडलें; मध्यरात्रीच्या रीतीनें नाहीं. अमुक एक रीत बागायतदारास नेहमीं हिताची व दुसरी अहिताची, असें यावरून म्हणतां येत नाहीं. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. घोटाळा होतो तो एका रीतीनें घेतलेले आंकडे दुसऱ्या रीतीच्या आंकड्यांशीं पडताळल्यानें, आणि मग कोणी तरी लबाडी केली असा संशय निघतो. तालुका कृषि कार्यालयांत तक्रार घेऊन जाण्यापूर्वीं आपल्या वहीचा दिवस व केंद्राचा दिवस एक आहे काय, हें पाहिलें असतां निम्मे वाद तेथेंच मिटतील, आणि उरलेले निम्मे अधिक जोरानें मांडतां येतील.

आतां अकराव्या बावट्याकडे परत येऊं. यंत्राची विजेची पेटी उतरली, मोबाईलचा मनोरा बंद पडला किंवा गाळण्यांत पाचोळा अडकला, कीं नोंद थांबते. अशा वेळीं तक्त्यांत काय लिहिलें जातें? कित्येक ठिकाणीं शून्य! परंतु 'पाऊस पडला नाहीं' आणि 'पाऊस पडला कीं नाहीं तें कळलें नाहीं' या दोन गोष्टी एक कशा होतील? १६ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां झाडें पडून व तारा तुटून गांवेंच्या गांवें अंधारांत होतीं, हें वाचक विसरले नसतील. वादळाच्या तडाख्यांत यंत्र मुकें होण्याचा संभव सर्वांत अधिक, आणि त्याच वेळच्या आंकड्याची गरजही सर्वांत अधिक. अशा वेळीं मुकेपणास शून्य समजण्याची चूक आम्हांस सर्वांत घातक वाटते. मापाची चूक निदान पावसास दुप्पट-निमपट करिते, ही तर त्यास नाहींसाच करिते.

वाऱ्याविषयीं थोडक्यांत सांगतों. समुद्रावर जाणाऱ्यास वाऱ्याचा वेग नॉटमध्यें सांगतात, बातम्यांत ताशीं किलोमीटरमध्यें, आणि यंत्र बहुधा सेकंदास मीटर या हिशेबानें लिहितें. सेकंदास १० मीटर म्हणजे ताशीं ३६ किलोमीटर, म्हणजे सुमारें १९ नॉट. आपल्याकडे एकाच घरांत एक भाऊ होडीवर व दुसरा बागेंत असतो. दोघांच्या मोबाईलवर एकाच वाऱ्याचे तीन आंकडे दिसूं शकतात. शिवाय हा वेग क्षणभराच्या झोताचा कीं कांहीं मिनिटांच्या सरासरीचा, आणि यंत्र जमिनीपासून किती उंचीवर, हेंही कळावें लागतें. वेधशाळेच्या ठरावानें वारा दहा मीटर उंचीवर मोजावयाचा असतो; कलमांच्या आडोशाला दोन मीटरच्या काठीवर बांधलेलें यंत्र त्याहून पुष्कळ कमी वारा दाखवील, यांत यंत्राचा दोष नाहीं.

जमिनीच्या आंकड्यांचीही हीच गत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्यें असतें व घरांत बोलणें एकर-गुंठ्यांचें. एक गुंठा व एक आर हे जवळजवळ सारखे असल्यामुळें घोटाळा अधिकच होतो. '१.२०' हा आंकडा १ हेक्टर २० आर असा वाचला तर सुमारें तीन एकर होतात, १ एकर २० गुंठे असा वाचला तर दीड. ई-पीक पाहणी २०२१ पासून आपली आपणच मोबाईलवर करावयाची असल्यानें हा हिशेब आतां तलाठ्याचा राहिला नसून आपला झाला आहे. विम्याच्या अर्जांतील क्षेत्र व पीक पाहणींतील क्षेत्र जुळलें नाहीं, तर यंत्र अर्ज बाजूस काढून ठेवतें. सामाईक खात्यांत आणेवारीचा प्रश्न त्यांत भर घालतो, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तारखेंतही तसेंच: '३-४' ही आमच्या रीतीनें ३ एप्रिल, अमेरिकन रीतीच्या यंत्रांत ४ मार्च, आणि दोन्ही दिवस आंब्याच्या हंगामांतलेच!

या अडचणी नव्या नाहींत व त्यांवरील उपायही नवा नाहीं. खंडी, मण, पायली, कुडव हीं मापें गांवोगांव निराळीं असत. पेडणेंकडचा व्यापारी व मालवणचा कुळवाडी दोघेही 'खंडी' म्हणत व दोघांच्या मनांत भात निरनिराळें असे. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं, तेव्हां शब्दास एकच अर्थ मिळाला. हवामानशास्त्रज्ञांनीं हें काम त्याच्याही पूर्वीं केलें. १८७३ सालीं व्हिएन्ना येथें निरनिराळ्या देशांचे वेधशाळाप्रमुख एकत्र जमले, व पुढें त्यांच्या संघटनेनें सर्व जगास एकच सांकेतिक लिपी दिली. पांच-पांच आंकड्यांचे गट. कोणत्या जागीं कोणता आंकडा आला म्हणजे त्याचा काय अर्थ, हें पुस्तकांत छापलेलें. त्यांत मोजण्याइतका नसलेल्या शिंतोड्यास स्वतंत्र संकेत आहे, आणि नोंद नसेल तेथें शून्य न लिहितां तिरकी रेघ मारावयाची असते. रशियांतला निरीक्षक व वेंगुर्ल्याचा निरीक्षक यांस एकमेकांची भाषा येत नसली तरी एकमेकांची हवा वाचतां येते, ती यामुळें. केंद्र सरकारनें २०२३ सालीं विंड्स नांवाची योजना आखून तालुक्यास स्वयंचलित केंद्र व ग्रामपंचायतीस पर्जन्यमापक, आणि सर्व नोंदी एका ठरावानें एकत्र, असें धोरण जाहीर केलें, तें याच वाटेनें जाणारें आहे. आमच्या मतें त्यांतील यंत्रांच्या संख्येपेक्षां 'एका ठरावानें' हे दोन शब्द अधिक मोलाचे आहेत. आंबोलीचा पाऊस मालवणच्या दुपटीहून अधिक. एकाच जिल्ह्यांत एवढें अंतर असतां नोंदी गांवोगांव हव्यात हें खरें, पण त्या एकमेकांशीं ताडतां आल्या तरच.

सभासदांनीं स्वतः काय करावें, याविषयीं आतां सांगतों. जे नवें यंत्र घेणार असतील त्यांनीं विक्रेत्यास किंमत विचारण्यापूर्वीं हें विचारावें: पळीचा एक कल किती मिलीमीटरचा, यंत्राचें घड्याळ कोणत्या वेळेवर, दिवस केव्हां संपतो, नोंद चुकली तर तेथें काय दिसतें, आणि सर्व आंकडे साध्या तक्त्याच्या रूपांत आपणांस उतरवून घेतां येतात काय. शेवटच्या प्रश्नास 'आमच्याच ॲपमध्यें पाहा' असें उत्तर आलें, तर तें यंत्र घेऊं नये असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. ज्याचे आंकडे शेजाऱ्याच्या आंकड्यांशेजारीं मांडतां येत नाहींत, तें यंत्र कितीही शोभिवंत असलें तरी त्याचा उपयोग एका बागेपुरता व एका हंगामापुरताच.

ज्यांच्याकडे यंत्र नाहीं त्यांनीं साधा पर्जन्यमापक घ्यावा. त्याची किंमत थोडी व त्याचा शब्द वजनदार असतो, मात्र नोंद ठरल्या रीतीनें पाहिजे. वहीच्या पहिल्या पानावर गांव, महसूल मंडळ, सर्व्हे नंबर, गाळण्याच्या तोंडाचें क्षेत्र व पात्र बसविल्याची तारीख लिहावी. पुढें रोजची ओळ अशी: '२०२६-०२-१२, सकाळीं ८.३०, मागील २४ तास, ७.० मि.मी.' वर्ष आधीं, मग महिना, मग दिवस. म्हणजे अमेरिकेचें यंत्रही तारीख चुकणार नाहीं. पाऊस नसेल तर ०.० लिहावें, पाहाण्यास चुकलें असेल तर तिरकी रेघ मारावी व कारण लिहावें. रेघ मारण्यास लाजूं नये. ज्या वहींत वर्षभर एकही रेघ नाहीं, तिच्याविषयीं आम्हांस उलट संशय येतो. पाऊस किती वाजतां सुरू झाला व थांबला हें जमेल तेव्हां शेऱ्यांत टिपावें, कारण दोन निरनिराळ्या 'दिवसांचा' मेळ घालावयाचा झाला तर तेवढ्याच एका टिपणाचा आधार असतो.

जागा निवडतांना आपल्याकडे विशेष अडचण येते ती माडांची. पात्राचें तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर सपाट असावें, आणि जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तें असावें, असा दंडक आहे. पंधरा मीटरच्या माडापासून तीस मीटर दूर! वाडींत अशी जागा मिळणें कठीण. म्हणून भाताचें खळें, शाळेचें पटांगण किंवा सड्याचा मोकळा भाग पाहावा. गुरांपासून राखण म्हणून भोंवतीं तारेचें कुंपण पुरे, दगडी गडगा उंच घालूं नये.

एक प्रयोग मात्र प्रत्येक मंडळांतील दोघां-चौघांनीं मिळून करावा असें आम्हांस फार वाटतें. मंडळाच्या स्वयंचलित केंद्राजवळ, परवानगी घेऊन, साधा पर्जन्यमापक ठेवावा व मृगापासून हस्तापर्यंत दोहोंच्या नोंदी शेजारीं शेजारीं लिहाव्या. मुसळधार पावसांत पळीचें यंत्र थोडा पाऊस चुकवितें, कारण ती कलत असतांना वरून पडणारें पाणी हिशेबांत येत नाहीं; हा फरक आपल्या आषाढांत किती पडतो हें आपल्याच आंकड्यांनीं कळेल. फरक रोज एकाच बाजूस व एकाच प्रमाणांत दिसला, तर गुणक चुकला आहे असें समजावें. एके दिवशीं कमी व दुसऱ्या दिवशीं तितकाच जास्त दिसला, तर दिवसाची मर्यादा वेगळी आहे. आणि भर पावसांत केंद्राचा आंकडा सलग शून्य असेल, तर त्याच दिवशीं वहीच्या पानाचें छायाचित्र वेळेसह घेऊन कृषि कार्यालयास लेखी कळवावें, व पोंच मागून घ्यावी.